वरच्या खोल्या का तापतात, आणि एसी मोठा करण्याआधी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातलं १९७४ सालचं घर, खाली ९ इंची विटांच्या भिंती. वरच्या दोन खोल्या वीसेक वर्षांनी चढवलेल्या. त्यातली मोठी खोली १२ बाय १४ फुटांची, पश्चिमेला मोठी खिडकी, डोक्यावर साधा आरसीसी स्लॅब आणि त्यावर जुना कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा गळतीरोधक थर). मुलं तिथे अभ्यासाला बसतात. दीड टनाचा एसी २४ वर ठेवूनही रात्री दहा-अकरापर्यंत खोली निवत नाही, आणि पावसाळ्यात एका कोपऱ्यात ओल येते. आता उष्णतारोधक रंग लावायचा, फॉल्स सीलिंग करायचं की दोन टनांचा एसी घ्यायचा?

दोन टनांचा एसी नको. फॉल्स सीलिंगही आत्ता नको. रंग चालेल, पण त्याच्याआधी गच्चीवर एक काम आहे आणि ते उष्णतेचं नाहीच, गळतीचं आहे. विदर्भातली जुनी घरं दुरुस्त करणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे हा प्रश्न दर मार्चमध्ये कुणी ना कुणी विचारतंच. उत्तर घरागणिक थोडं बदलतं, पण कामांचा क्रम सहसा बदलत नाही.

आधी उष्णता येते कुठून ते बघू. लोकांना वाटतं बाहेरची गरम हवा आत शिरते म्हणून खोली तापते. मग ते खिडक्या गच्च लावतात, फटी बुजवतात, तरी खोली तापतेच. तुमच्या खालच्या मजल्यावरही तीच हवा आहे ना? तो तर दुपारी बराच सुसह्य असतो. फरक छताचा आहे. मे महिन्यात नागपुरात भर दुपारी आडव्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरवर एक किलोवॉटच्या आसपास ऊन पडतं. राखाडी किंवा शेवाळाने काळवंडलेला कोबा त्यातलं बहुतेक सगळं शोषतो. हवा ४४ अंशांवर असेल तर गच्चीचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे जातो. ही उष्णता साडेचार इंची स्लॅबातून आणि वरच्या कोब्यातून हळूहळू खाली उतरते आणि तुमच्या छताच्या आतल्या बाजूला पोहोचायला तिला पाच-सात तास लागतात. म्हणून दुपारी एक-दोनचं ऊन तुम्हाला संध्याकाळी सात-आठला जाणवतं. गॅस बंद केला तरी तवा तापलेलाच राहतो, तसं आहे हे.

तेव्हा एसीने हवा २४ अंशांवर आणली तरी डोक्यावरचं छत ३८-४० अंशांवर असतं आणि ते सरळ तुमच्या अंगावर उष्णता फेकत असतं. हवा गार, तरी जीव कासावीस, हे त्यामुळेच. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर एक टनाचा एसी म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. तुमच्या खोलीएवढ्या छतातून, स्लॅब उघडा असेल तर, किलोवॉटच्या आसपास उष्णता आत झिरपते. कोबा असला तर थोडी कमी, पण मग ती रात्री उशिरापर्यंत येत राहते. त्यात पश्चिमेची खिडकी. ५ बाय ४ फुटांच्या उघड्या काचेतून दुपारी चारच्या सुमारास सात-आठशे वॉट सहज आत येतात. खोलीत हीटर लावून वर एसी चालवण्यासारखाच हा व्यवहार.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, एक दिवस स्वतः तपासा. एसी आणि कूलर दोन्ही बंद ठेवून दुपारी चारला, संध्याकाळी सातला आणि रात्री दहाला स्टुलावर चढून छताला आतून तळहात लावा, मग पश्चिमेच्या भिंतीला, मग उत्तरेच्या. फरक हाताला कळतो, यंत्र लागत नाही. कोरोनाच्या काळात घेतलेली कपाळाचा ताप मोजायची बंदूक इथे कामाची नाही, ती माणसाच्या तापापुरतीच असते. सातला छत जास्त तापलेलं आणि दहाला पश्चिमेची भिंत जास्त तापलेली, असं तुमच्याकडे दिसेल असा माझा अंदाज आहे. ९ इंची विटेची भिंत दुपारी दोन ते सहाचं ऊन पोटात घेऊन रात्री परत देते. मात्र तुमचा वरचा मजला नंतर चढवलेला आहे, तेव्हा तिथल्या भिंती साडेचार इंची आहेत का हे खिडकीच्या चौकटीपाशी मोजून बघा. खर्च वाचवायला त्या काळी सर्रास तसं केलं जायचं, आणि असं असेल तर भिंत संध्याकाळीच भट्टी होते.

आता गळती. पावसाळ्यात कोपऱ्यात ओल येते म्हणजे कोब्याला कुठेतरी भेग आहे, किंवा कठड्याच्या बुडाशी असलेला गोळा (कोपऱ्यात दिलेली सिमेंटची गोलाई) सुटला आहे. हातोडीच्या दांड्याने गच्ची ठोकत फिरा. जिथे आवाज पोकळ येतो तिथे कोबा स्लॅबापासून सुटलाय. या भागावर कितीही महाग रंग लावा, दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघतात. पाण्याच्या वाटाही बघा. जुन्या गच्च्यांचा ढाळ बहुतेक वेळा बरोबर असतो, पण पाइपाच्या तोंडाशी पानं आणि माती साचून डबकं होतं आणि गळतीचा दोष मात्र स्लॅबाला येतो. छताच्या आतल्या बाजूला गिलाव्यावर सळईच्या रेषेत तांबूस डाग असतील किंवा गिलावा फुगला असेल, तर गवंड्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. उन्हाळ्यातल्या गारव्यापेक्षा तो प्रश्न मोठा आहे.

इथे एक धोक्याची गोष्ट. गवंडी तुम्हाला सांगेल, ‘साहेब, जुन्यावरच चार इंच नवा कोबा टाकू, गळती पण थांबेल आणि थंड पण राहील.’ दोन्ही थोडंफार खरं आहे, तरी करू नका. चार इंची ब्रिकबॅट कोब्याचं वजन चौरस मीटरला १९० किलोच्या आसपास, म्हणजे चौरस फुटाला १७-१८ किलो. तीनशे चौरस फुटांच्या गच्चीवर पाच टनांहून जास्त वजन वाढलं. वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकाप्रमाणे माणसं, सामान वगैरे धरून चौरस मीटरला १५० किलो भार गृहीत धरतात. म्हणजे ती सगळी राखीव ताकद नव्या कोब्यातच गेली आणि वर भार उरला. तोही नंतर चढवलेल्या मजल्यावर, ज्याच्या पायाचा विचार १९७४ साली कुणी केला नव्हता. नवा कोबा करायचाच असेल तर आधी जुना काढायचा. काढताना ब्रेकर मशीन स्लॅबावर नाचवू द्यायचं नाही, छिन्नी-हातोड्याने काढायला लावायचं.

दुरुस्ती झाली की मग पांढरा रंग. भपकेबाज नाही, पण जुन्या घरासाठी पैशाला सगळ्यात जास्त परतावा देणारं काम हेच आहे. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग ऊन सत्तर-ऐंशी टक्के परत पाठवतो, काळवंडलेला सिमेंट जेमतेम वीस-तीस टक्के. भर दुपारी गच्चीचा पृष्ठभाग पंधरा-वीस अंशांनी कमी तापतो आणि खाली खोलीत दोन ते चार अंशांचा फरक पडतो. हे ऐकून लोक नाराज होतात, ‘एवढाच?’ म्हणतात. पण छताचा स्वतःचा ताप कमी झाल्याने जाणवणारा फरक थर्मामीटरवरच्या आकड्यापेक्षा जास्त असतो, आणि एसी रात्री अकराऐवजी साडेआठला निवांत होतो. अहमदाबादने २०१३ साली उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे तिथे गरीब वस्त्यांची छपरं चुन्याने पांढरी करण्याची मोहीम निघाली. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. त्यामागचं शास्त्र एवढंच आहे.

रंगाचे तीन पर्याय. पहिला चुना. कळीचा चुना आदल्या दिवशी भरपूर पाण्यात विरवायचा (उकळतो, डोळे सांभाळा, लहान मुलांना दूर ठेवा), जाड फडक्यातून गाळायचा, त्यात थोडं व्हाइट सिमेंट आणि फेव्हिकॉलसारखा गोंद घालायचा. गच्ची घासून धुवायची, शेवाळ खरवडायचं आणि किंचित ओल्या पृष्ठभागावर पातळ थर कुंच्याने द्यायचे. पहिला हात उभा, दुसरा आडवा, जमल्यास तिसरा. हे काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करायचं. भर उन्हात चुना पटकन वाळतो आणि त्याची भुकटी होते, मग पायाला लागून घरभर फिरतो. साहित्याचा खर्च बहुतेक तुमच्या मे महिन्याच्या विजेच्या बिलाहून कमी येईल. तोटा हा की पावसाळ्यात बराचसा धुऊन जातो. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्याने करायचा.

दुसरा, दुकानातला सौर परावर्तक रंग. तो तीन ते पाच वर्षं टिकतो आणि रबरासारखा ताणला जाणारा प्रकार घेतला तर बारीक भेगाही झाकतो. घेताना डब्यावर सौर परावर्तनाचा (किती ऊन परत पाठवतो) आणि उत्सर्जनाचा (शोषलेली उष्णता किती बाहेर टाकतो) आकडा दिलाय का ते बघा. ‘उष्णतारोधक’ एवढंच लिहिलं असेल तर दुसरा डबा मागा. तीन-चार किमती छटा दाखवतील, पांढराच घ्या. फिकट हिरवा, विटकरी वगैरे रंग छान दिसतात आणि तितकेच तापतात. तिसरा, चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सचे तुकडे. टिकाऊ आहे, पण खालचा मसाला धरून वजन येतं आणि टाइल्सचे सांधे नीट भरले नाहीत तर पाणी खाली उतरतं. तुमच्या घरावर आत्ता मी तो सुचवणार नाही.

तिन्हींवर एकच पथ्य आहे, धूळ. नागपूरची एप्रिलमधली धूळ महिन्याभरात पांढऱ्याचं मळकट करते. महिन्यातून एकदा झाडून, एक-दोन बादल्या पाण्यात फडकं मारलं तरी पुरे. आणखी एक घरगुती अडचण आधीच सांगतो. पांढऱ्या गच्चीवर दुपारी डोळे दिपतात, आणि चुना लावलेल्या जागी कुरड्या-पापड घालता येत नाहीत. वाळवणासाठी एक कोपरा सोडा, घरात भांडण नको.

पांढऱ्यापेक्षाही जास्त परिणाम सावलीचा होतो, कारण तिथे ऊन गच्चीपर्यंत येतच नाही. हिरवी शेडनेट साठ-सत्तर टक्के सावलीची घ्या, गच्चीपासून सहा-सात फूट उंच बांधा, चारी बाजू मोकळ्या ठेवा. स्लॅबावर नुसती पसरू नका, खालची हवा अडून राहते. आणि ती सोडता येईल अशा दोरीने बांधा. विदर्भातलं मेमधलं वादळ काय करतं ते तुम्हाला ठाऊक आहे. घट्ट बांधलेल्या नेटने कठड्याच्या विटा ओढून नेलेल्या मी पाहिल्यात.

छतावर सौर पॅनेल बसवायचा विचार असेल तर ते एका दगडात दोन पक्षी होतील. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, म्हणजे तीन किलोवॉटचा संच तुमच्या दोन्ही खोल्यांवर बहुतेक सगळी सावली धरेल. पीएम सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४ पासून) पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किलोवॉटना मिळून ७८,००० रुपये अनुदान आहे. पॅनेल वर उचललेल्या सांगाड्यावर घ्या, खालून वारं खेळू द्या. पॅनेलही तापलं की कमी वीज देतं, त्यामुळे यात दोघांचंही भलं. फक्त बसवणाऱ्याला कोब्यातून आरपार बोल्ट मारू देऊ नका. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करायला सांगा, नाहीतर आत्ताच बुजवलेली गळती पॅनेलच्या पायापाशी परत सुरू होते. ठोकळ्यांचं वजन कुठे येतं तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

रोधक थराचा, म्हणजे इन्सुलेशनचा मुद्दा यानंतर येतो, आणि इथे माझं मत बऱ्याच इंटिरिअरवाल्यांशी जुळत नाही. ते फॉल्स सीलिंग सुचवतात, कारण ते त्यांचं काम आहे आणि दिसतं छान. पण ते स्लॅबाच्या खाली असतं. स्लॅब तसाच ६० अंशांपर्यंत तापत राहतो, दर दिवशी फुगतो-आकसतो, भेगा वाढतात, आणि गळती झाली तर डाग पडेपर्यंत तुम्हाला कळत नाही. जुन्या घरात छत झाकून टाकणं मला पटत नाही. शिवाय तुमच्या खोलीची उंची दहा फूट आहे. फॉल्स सीलिंगने फूटभर गेली की पंखा खाली येतो. उन्हाळ्यात पंख्याला वर हवा ओढायला जागा लागते, ती राहत नाही. ज्यांना भाड्याच्या घरात गच्चीवर हात लावता येत नाही, त्यांच्यासाठी जिप्समचं छत आणि वर ग्लासवूल हा ठीक मार्ग आहे. उघड्या थर्माकोलचं छत मात्र अजिबात करू नका. ठिणगी पडली तर ते वितळत, पेटत खाली पडतं.

खरा फायदा स्लॅबाच्या वर रोधक थर घालण्यात आहे. जुना कोबा काढायची वेळ येणारच असेल तर हीच संधी साधा. स्लॅबावर वॉटरप्रूफिंग, त्यावर दोन इंची एक्सपीएस (दाबून केलेला टणक पॉलिस्टायरीन) फोमच्या शिटा, त्यावर जाळी घालून दोन इंचाचा काँक्रीटचा पातळ थर, आणि वरून पांढरा रंग. काढलेल्या चार इंची कोब्यापेक्षा हे सगळं मिळून वजनाने हलकं होतं, कारण फोमला वजन जवळजवळ नसतंच. घरांसाठीच्या इको निवास संहितेत (२०१८) छतासाठी उष्णतावहनाची कमाल मर्यादा १.२ (दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला इतके वॉट) सांगितली आहे. उघडा स्लॅब तीनच्या पुढे असतो. दोन इंची एक्सपीएस घातल्यावर तो आकडा ०.५ च्या आसपास येतो, म्हणजे उष्णता पाच-सहा पट कमी झिरपते. हे महाग काम आहे आणि ते एकदाच करायचं असतं. पैसे नसतील तर यंदा चुना आणि नेट, पुढच्या वर्षी हे. पण अर्धवट पैसे फॉल्स सीलिंगमध्ये अडकवू नका.

जुन्या माळवदाच्या किंवा धाब्याच्या घरात दुपारी किती गार वाटायचं, हे सांगणारे बरेच भेटतात. बरोबर आहे, तिथे डोक्यावर लाकूड आणि त्यावर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर असायचा. पण दर वर्षी त्यावर माती टाकून चोपायला घरची माणसंही होती. स्लॅबावर माती टाकून ते होत नाही, फक्त गळती होते.

आता पश्चिमेची खिडकी. मेमध्ये सूर्य नागपूरच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते तो दिवसही येतो, नेमका नवतपाच्या (मेअखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) सुरुवातीला. याचा व्यवहारातला अर्थ असा की दक्षिणेच्या भिंतीवर त्या काळात ऊन जवळपास पडतच नाही. सगळं ऊन छतावर, सकाळी पूर्वेच्या भिंतीवर आणि दुपारी पश्चिमेच्या. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला जाड पडदा आणि पश्चिमेला नुसती जाळी, असं काही घरांत दिसतं ते उलटं आहे. पश्चिमेचं ऊन तिरपं, खालून येतं, त्यामुळे आडवा छज्जा कितीही लांब केला तरी ते अडत नाही. तिथे उभा आडोसा लागतो आणि तो काचेच्या बाहेर लागतो. आतला पडदा, मग तो चांदीच्या कागदाचा का असेना, ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो. उष्णता खोलीतच राहते. बाहेरून बांबूचा चिक, वाळ्याची ताटी किंवा शेडनेटचा पडदा सोडा. दुपारी दीडला खाली, सूर्य मावळल्यावर वर. वाळ्याची ताटी ओली ठेवता आली तर फारच छान, पण मुलांच्या पुस्तकांच्या खोलीत ओलावा किती चालतो ते तुम्ही ठरवा. भिंतीसाठी मधुमालतीचा वेल एकदोन वर्षांत भिंत झाकतो. वेल थेट गिलाव्यावर न चढवता सहा इंच पुढे तारेवर चढवा, मधून हवा खेळते आणि पावसाळ्यात भिंत ओली राहत नाही.

रात्रीचा भाग लोक साफ विसरतात. दिवसभर तापलेलं घर निवायला बाहेरची थंड हवा हवी आणि नागपुरात मेमध्ये ती पहाटे दोन ते सहाच्या दरम्यानच मिळते. तेव्हा बहुतेक घरं बंद करून आतली उष्णता जपत बसलेली असतात. तुमच्या घराला जिना आहे, आणि तो गच्चीपर्यंत जातो. घरभरची गरम हवा वर चढून तिथेच कोंडते आणि दार बंद असल्याने वरच्या खोल्यांत पसरते. त्या दाराला आतून कडी लावता येईल असं जाळीचं दुसरं दार बसवा. रात्री जेवणं झाल्यावर लाकडी दार उघडा, जाळीचं लावा, खालच्या मजल्यावरच्या सुरक्षित, गजांच्या खिडक्या उघड्या ठेवा. जिन्याच्या वर बारा-पंधरा इंची एक्झॉस्ट बसवला तर खालून गार हवा ओढली जाते. सकाळी सातच्या आत सगळं परत बंद. एसी लावला तेव्हा वरच्या खोल्यांतली भिंतीच्या माथ्याची व्हेंटिलेटरं पुठ्ठ्याने बंद केली असतील, तर तो पुठ्ठा काढा आणि उघडझाप करता येईल अशी झडप बसवा. ज्या दिवशी एसी नाही, त्या दिवशी ती उघडी हवीत.

नागपूरकरांना कूलरबद्दल काय शिकवायचं? तरी दोन-तीन गोष्टी. ४३ अंश आणि पंधरा टक्के आर्द्रता असताना चांगल्या ताट्यांचा डेझर्ट कूलर २७-२८ अंशांची हवा देऊ शकतो. एसीच्या तुलनेत वीज अगदी थोडी. पण तो बाहेर, सावलीत हवा, आणि त्याने ढकललेली हवा बाहेर जायला समोरच्या बाजूला निदान कूलरच्या तोंडाएवढी, जमल्यास दुप्पट जागा उघडी हवी. बंद खोलीत कूलर लावला की अर्ध्या तासात घाम फुटतो. टाकीत बर्फ टाकण्यात अर्थ नाही. एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता नेतं, त्याच्या सातवा भागही एक किलो बर्फ वितळताना नेत नाही. पैसे ताट्या बदलण्यात घाला. क्षाराने दगड झालेल्या ताट्यांतून हवा जातच नाही. मोठा कूलर तासाला दहा-वीस लिटर पाणी पितो हेही धरून चाला, आणि आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, डेंग्यूचे डास तिथेच होतात. एसी आणि कूलर एकाच खोलीत एकाच वेळी चालवू नका, एक हवा ओली करतो आणि दुसरा तोच ओलावा काढण्यात वीज जाळतो. जूनच्या पहिल्या सरी आल्या की कूलरची सद्दी संपली, तेव्हा एसी. मुंबई-कोकणात ३४ अंश आणि सत्तर टक्के आर्द्रतेत कूलरचा काही उपयोग नसतो. तिथे छताचं सगळं हेच लागू पडतं, पण हवा खेळती ठेवण्याला जास्त महत्त्व.

गच्चीवर संध्याकाळी पाणी मारण्याबद्दल. एक लिटर पाणी वाफ होताना विजेच्या सुमारे दोन तृतीयांश युनिटाइतकी उष्णता नेतं, त्यामुळे गोणपाट अंथरून पाणी मारलं तर परिणाम नक्की होतो. पण तुमच्या भेगाळलेल्या कोब्यावर आत्ता हे म्हणजे ओल स्वतःच्या हाताने खाली सोडणं. दुरुस्तीनंतर आणि नवतपासारख्या चार-आठ दिवसांपुरतं, तेही नळाला पाणी भरपूर असेल तर. पांढऱ्या गच्चीला त्याची गरज कमीच पडते.

पंख्याबद्दल एक. पंखा खोली गार करत नाही, तो अंगावरचा घाम वाळवतो. छत तापलेलं असताना तो वरची गरम हवा खाली ढकलतो, म्हणून दुपारी स्टँडचा पंखा छताच्या पंख्यापेक्षा बरा. हवा ४० अंशांच्या वर गेलेल्या बंद खोलीत वृद्ध माणसाला नुसत्या पंख्याखाली ठेवू नका. ओलं फडकं, पाणी आणि खालच्या मजल्यावरची खोली.

यंदा वेळ कमी असेल तर असं करा: या आठवड्यात गच्ची धुऊन भेगा बुजवा, लगेच चुना, पश्चिमेला बाहेरून चिक, जिन्याला जाळीचं दार. शेडनेट एप्रिलच्या मध्यापर्यंत. एसीचं फिल्टर आणि बाहेरचं युनिट स्वच्छ करून घ्या. ते युनिट पश्चिमेच्या उन्हात असेल तर वर छोटा आडोसा द्या, फक्त त्याची गरम हवा समोरून मोकळी जाऊ द्या. मग मेमध्ये पुन्हा स्टुलावर चढून छताला हात लावा. तुमच्या खोलीच्या मापाला दीड टन पुरायलाच हवा. तरीही रात्री नऊला छत हाताला चटका देत असेल, तर पावसाळा संपल्यावर कोबा काढून वरून एक्सपीएस, आणि दोन टनांच्या एसीसाठी बाजूला ठेवलेले पैसे तिकडे.